धर्मगुरूने नाकारलेला पुरावा

‘बिग बँग’ हा शब्द आता शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो. मराठीत आपण त्याला महास्फोट म्हणतो. पण हा शब्द कुठल्या प्रयोगशाळेत किंवा शोधनिबंधात जन्मलेला नाही. तो जन्मला रेडिओवर. २८ मार्च १९४९ रोजी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल बीबीसीवर विश्वरचनेविषयी बोलत होते. विश्वातले सारे द्रव्य फार पूर्वी एका ठरावीक क्षणी एकदम निर्माण झाले, असे मानणारा सिद्धांत आपल्याला का पटत नाही, हे ते श्रोत्यांना समजावून सांगत होते. श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहावे म्हणून त्यांनी ‘बिग बँग’ हे दोन शब्द वापरले. रेडिओवर फळा नसतो, खडू नसतो. चित्र काढायचे ते शब्दांनीच, हे माइकसमोर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पुढे ते भाषण ‘द लिसनर’ या साप्ताहिकात छापूनही आले. गंमत अशी, की ज्या सिद्धांताला विरोध करताना हे नाव उच्चारले गेले, त्याच सिद्धांताला ते कायमचे चिकटले.

हॉईल यांना न पटलेला हा सिद्धांत मुळात मांडला होता बेल्जियममधल्या एका शास्त्रज्ञाने. त्यांचे नाव झॉर्झ लमेत्र. ते गणितज्ञ होते, भौतिकशास्त्रज्ञ होते, विद्यापीठात प्राध्यापक होते. आणि रोमन कॅथलिक धर्मगुरूही होते. काळा झगा, गळ्याला पांढरी कॉलर, अशा वेशात ते वर्गात सापेक्षतावाद शिकवीत.

मी स्वतः अनेक वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. विश्वाच्या उत्पत्तीचा विषय निघाला, की एरवी मागच्या बाकावर पेंगणारी मुलेही ताठ बसत. मग एक प्रश्न हमखास येई, ‘सर, म्हणजे देवाने विश्व निर्माण केले, हे खरे की खोटे?’ विचारणारा कधी हिंदू असे, कधी मुसलमान, कधी ख्रिस्ती, कधी कोणताच धर्म न मानणारा. प्रत्येकाला हवे असलेले उत्तर वेगळे असे. पण ते उत्तर विज्ञानाने द्यावे, ही अपेक्षा मात्र सगळ्यांची सारखीच असे. मी त्यांना लमेत्र यांची गोष्ट सांगत असे. हाच प्रश्न या माणसापुढे साऱ्या जगाच्या देखत येऊन ठाकला होता, आणि त्याने दिलेले उत्तर आजही कामाचे आहे.

खंदकातून वेधशाळेकडे

लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधल्या शार्लरॉ या गावी झाला. ते लुव्हँ विद्यापीठात इंजिनिअर व्हायला गेले होते. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले, जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले आणि वीस वर्षांचा हा विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून सैन्यात दाखल झाला. तो पुढे तोफखान्यात होता. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्र गावाजवळच्या आघाडीवर क्लोरीन वायू सोडण्यात आला. रसायनशास्त्राचे ज्ञान माणसे गुदमरवून मारण्यासाठी वापरलेले त्या पिढीने तिथे पाहिले. लमेत्र यांना युद्धातल्या कामगिरीबद्दल पदक मिळाले. युद्ध संपल्यावर मात्र त्यांनी इंजिनिअरिंग सोडले, भौतिकशास्त्र आणि गणिताकडे वळून १९२० मध्ये डॉक्टरेट मिळवली, आणि त्याच वर्षी धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत प्रवेश घेतला.

सेमिनरीत धर्मशास्त्राबरोबर त्यांचा आणखी एक अभ्यास चालू होता. तो म्हणजे आइन्स्टाइन यांचा सापेक्षता सिद्धांत. कार्डिनल मर्सिए यांनी त्यांना तशी मोकळीक दिली होती. १९२३ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यानंतर लगेच ते केंब्रिजला आर्थर एडिंग्टन यांच्याकडे शिकायला गेले. तिथून अमेरिकेत, हार्वर्डच्या वेधशाळेत. दूरच्या दीर्घिकांविषयी नवी निरीक्षणे त्या काळात अमेरिकेतल्या मोठ्या दुर्बिणींतून येत होती आणि लमेत्र अगदी योग्य वेळी योग्य ठिकाणी पोहोचले होते.

ही निरीक्षणे काय सांगत होती? शिट्टी वाजवत दूर जाणाऱ्या आगगाडीचा आवाज जाडा होत जातो, हे आपण फलाटावर ऐकलेले असते. प्रकाशाचेही काहीसे तसेच आहे. दूर जाणाऱ्या वस्तूचा प्रकाश वर्णपटात तांबड्या बाजूकडे सरकतो. बहुतेक दीर्घिकांचा प्रकाश असा तांबड्याकडे सरकलेला दिसत होता. म्हणजे त्या आपल्यापासून दूर चालल्या होत्या. पण का?

आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये आपली समीकरणे विश्वाला लावली, तेव्हा विश्व स्थिर आहे असे गृहीत धरले होते. ते स्थिर राहावे म्हणून त्यांनी समीकरणात एक जादा पदही घातले होते. लमेत्र यांनी १९२७ मध्ये एका शोधनिबंधात दाखवले, की विश्व स्थिर नाही, ते प्रसरण पावत आहे. मनुका घातलेला पाव भट्टीत फुगतो, तेव्हा प्रत्येक मनुका इतर मनुकांपासून दूर जाते. मनुका स्वतः पळत नाहीत, त्यांच्यामधला पाव फुगत असतो. जी मनुका जितकी लांब, तितकी ती अधिक वेगाने दूर जाताना दिसते. दीर्घिकांचेही तसेच आहे, असे लमेत्र यांनी मांडले, आणि उपलब्ध मोजमापांवरून प्रसरणाचा दरही काढला.

निबंध फ्रेंच भाषेत, ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकात आला आणि फारसा कुणी वाचला नाही. त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या सॉल्व्हे परिषदेच्या निमित्ताने लमेत्र यांची आइन्स्टाइन यांच्याशी गाठ पडली. तुमचे गणित बरोबर आहे, पण भौतिकशास्त्राची तुमची जाण भयंकर आहे, अशा अर्थाचा शेरा आइन्स्टाइन यांनी मारला. अलेक्झांडर फ्रीडमन या रशियन गणितज्ञाने १९२२ मध्ये असेच गणित केले होते, हेही लमेत्र यांना त्याच भेटीत कळले. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी निरीक्षणांतून वेग आणि अंतर यांचा संबंध दाखवला, १९३० मध्ये एडिंग्टन यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या निबंधाकडे जगाचे लक्ष वेधले आणि मग आइन्स्टाइन यांनाही आपले मत बदलावे लागले. ज्याला आपण इतकी वर्षे हबलचा नियम म्हणत आलो, त्याला हबल-लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१८ मध्ये मतदान घेऊन केली.

खोडलेला परिच्छेद

विश्व फुगत असेल, तर काल ते आजच्यापेक्षा लहान होते. परवा आणखी लहान. असे मागे मागे गेले तर? लमेत्र यांनी ९ मे १९३१ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात एक छोटेसे पत्र लिहिले. सारे विश्व आरंभी एकाच अतिप्रचंड अणूत सामावलेले होते आणि तो फुटत फुटत आजचे विश्व झाले, अशी कल्पना त्यात होती. याला पुढे त्यांनी ‘आदिम अणू’ म्हटले. आजचा महास्फोट सिद्धांत हुबेहूब असा नाही. त्यात पुढे जॉर्ज गॅमॉव्ह आणि इतरांनी पुष्कळ भर घातली. पण विश्वाला भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगता येईल असा आरंभ असू शकतो, हे धाडसी विधान पहिल्यांदा केले ते लमेत्र यांनी.

या पत्राचा टंकलिखित मसुदा आजही उपलब्ध आहे. त्याच्या शेवटी एक परिच्छेद होता. त्याचा आशय असा, की जो ईश्वराला मानतो तो ईश्वर मुळातच गुप्त आहे असेही मानतो, आणि आजचे भौतिकशास्त्र सृष्टीच्या निर्मितीवर एक पडदाच टाकते, हे पाहून त्याला आनंद वाटेल. त्यात पुरावा सापडल्याचा दावा नव्हता, उलट पडद्याची भाषा होती. तरीही लमेत्र यांनी तो परिच्छेद छापायला देण्यापूर्वी स्वतःच्या हाताने खोडून टाकला. ‘नेचर’मध्ये आले ते निव्वळ भौतिकशास्त्र.

मला ही खोडलेली रेघ फार महत्त्वाची वाटते, कारण लमेत्र यांना तो मोह कधी झालाच नव्हता असे नाही. १९२१ मध्ये सेमिनरीत असताना त्यांनी बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाची सांगड भौतिकशास्त्राशी घालणारे एक टिपण लिहिले होते. देवाने प्रकाश होवो म्हटले, तो प्रकाश म्हणजे भौतिकशास्त्रातला प्रकाश, अशा धर्तीचा तो प्रयत्न होता. ते लेखन त्यांनी हस्तलिखितातच ठेवले, आणि पुढच्या दहा वर्षांत ती वाट पूर्ण सोडली.

१९३३ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राच्या मुलाखतीत त्यांनी आपली भूमिका स्पष्ट केली. सत्याकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत, आणि आपण दोन्हींवरून चालायचे ठरवले, असे ते म्हणाले. बायबल हे भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक नाही. सापेक्षतावादात त्रैक्याची शिकवण नाही म्हणून धर्मगुरू तो नाकारत नाही, तर बायबलमध्ये खगोलशास्त्र नाही म्हणून शास्त्रज्ञाने ते का नाकारावे, असा त्यांचा मिस्कील सवाल होता. पुढे १९३६ मध्ये एका भाषणात त्यांनी म्हटले, की ख्रिस्ती माणूस धावताना किंवा पोहताना इतरांपेक्षा वेगळे हातपाय मारत नाही. संशोधनाचेही तसेच आहे. श्रद्धावान शास्त्रज्ञाला इतरांहून जादा हत्यार मिळत नाही. कोडे सुटण्याजोगे आहे, हा भरवसा तेवढा त्याच्यापाशी असतो.

पोप यांचे भाषण

आणि मग १९५१ साल उजाडले. २२ नोव्हेंबर रोजी पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीसमोर एक गाजलेले भाषण केले. आधुनिक विज्ञान मागे मागे जात विश्वाच्या आरंभापर्यंत पोहोचले आहे आणि ‘प्रकाश होवो’ या आदिम शब्दाची जणू साक्षच त्याने दिली आहे. म्हणजे निर्मिती झाली, म्हणजे निर्माता आहे, असा त्याचा रोख होता. जगभरच्या वर्तमानपत्रांत ते गाजले. ज्या धर्मपीठाने १६३३ मध्ये गॅलिलिओला गुडघे टेकायला लावले, तेच आता खगोलशास्त्राचा हवाला देत होते!

अशा वेळी एखादा धर्मगुरू खूश झाला असता. सिद्धांत आपला, आणि त्याला दाद खुद्द पोप यांची. लमेत्र त्या अकादमीचे सदस्य होते. पण ते अस्वस्थ झाले. त्यांच्या मते आदिम अणू हे एक वैज्ञानिक गृहीतक होते. ते निरीक्षणांनी टिकेल किंवा पडेल. त्यावर श्रद्धेचा मजला चढवणे विज्ञानालाही अपायकारक आणि श्रद्धेलाही. पुढच्या वर्षी, १९५२ च्या सप्टेंबरात, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन रोममध्ये भरायचे होते आणि तिथे पोप पुन्हा बोलणार होते. लमेत्र यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर डॅनियल ओकॉनेल यांच्याशी विचारविनिमय केला. खगोलशास्त्रज्ञांसमोरच्या त्या भाषणात पोप यांनी आदल्या वर्षीचा तो युक्तिवाद पुन्हा मांडला नाही.

लमेत्र यांचे म्हणणे किती शहाणपणाचे होते, हे त्याच अधिवेशनात दिसून आले. हबल यांच्या मोजमापांनुसार विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते आणि पृथ्वीवरच्या खडकांचे वय तर त्याहून जास्त भरत होते. म्हणजे लेक आईपेक्षा थोरली! महास्फोटाच्या विरोधकांचा हा एक मोठा आणि रास्त आक्षेप होता. १९५२ च्या त्या रोम अधिवेशनात वॉल्टर बाडे यांनी जाहीर केले, की दीर्घिकांची आजवर मोजलेली अंतरे चुकली आहेत, ती जवळजवळ दुप्पट धरायला हवीत. त्याबरोबर विश्वाचे वयही एका दिवसात दुप्पट झाले. पुढे ते वाढत वाढत आज सुमारे १३८० कोटी वर्षांवर आले आहे. विज्ञानात असे होणारच, त्यात त्याची नामुष्की नाही. पण श्रद्धेने या आकड्यांत आपला पुरावा शोधला असता, तर तिला दर काही वर्षांनी आपली घडी नव्याने बसवावी लागली असती.

विरोधकांची बाजू

आता पुन्हा हॉईल यांच्याकडे येऊ. हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिरस्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते हे त्यांनाही मान्य होते. पण रिकाम्या होत जाणाऱ्या जागेत नवे द्रव्य सतत थोडे थोडे निर्माण होत राहते आणि त्यामुळे विश्व सदासर्वकाळ एकसारखेच दिसते, त्याला आरंभ नाही आणि शेवट नाही, असे ते म्हणत. हॉईल नास्तिक होते. आरंभ मानणाऱ्या सिद्धांताच्या मागे बायबलची छाया आहे, अशी शंका ते उघडपणे घेत. तेव्हा मोह केवळ धार्मिक मंडळींनाच होतो असे नाही. ‘आरंभ नको, कारण त्याला निर्मात्याचा वास येतो’ हेही विज्ञानाबाहेरचे कारण विज्ञानात आणणेच झाले. लमेत्र यांनी तर १९५८ च्या सॉल्व्हे परिषदेत स्पष्ट सांगितले, की त्यांचा सिद्धांत कोणत्याही धार्मिक प्रश्नाच्या पूर्णपणे बाहेर आहे. जडवादी माणूसही तो स्वीकारून ईश्वराला नाकारायला मोकळा आहे.

हॉईल यांचे नाव मराठी माणसाला परके नाही, ते आपल्या जयंत नारळीकरांमुळे. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर केंब्रिजला गेले, तिथे हॉईल यांचे विद्यार्थी आणि मग सहकारी झाले. १९६४ मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. पुढे पुण्यात ‘आयुका’ उभारणाऱ्या नारळीकरांनी महास्फोटाविषयीचा आपला संशय अखेरपर्यंत सोडला नाही. १९९३ मध्ये त्यांनी हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह एक पर्यायी सिद्धांतही मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तो पटला नाही. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. नारळीकर वादात नेहमी निरीक्षणांची भाषा बोलत. सगळे एका बाजूला झाले तरी प्रश्न विचारत राहणे हे शास्त्रज्ञाचे कामच आहे, हे मराठी वाचकांच्या दोन पिढ्या त्यांच्याकडून शिकल्या. महास्फोट मांडणारे लमेत्र आणि महास्फोटावर शंका घेणारे नारळीकर यांची निष्ठा एकाच जातीची होती, असे मला वाटते.

दूरध्वनी कंपनीचा अँटेना

मग वादाचा निकाल कसा लागला? प्रवचनाने नाही आणि तत्त्वज्ञानानेही नाही. तो लागला तंत्रज्ञानाने, तोही जवळजवळ योगायोगाने. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात होल्मडेल येथे बेल प्रयोगशाळेचा एक भोंग्याच्या आकाराचा मोठा अँटेना होता. ‘एको’ या उपग्रहावरून परावर्तित होणारे संदेश टिपण्यासाठी तो बांधला होता. १९६४ मध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोन तरुण शास्त्रज्ञ तो खगोलनिरीक्षणासाठी वापरू लागले, तेव्हा त्यात एक बारीक खरखर ऐकू येऊ लागली. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो वा रात्र, खरखर तेवढीच. आत कबुतरांनी घरटे केले होते. ती हलवली, त्यांची घाण खरवडून काढली; तरी खरखर कायम. शेवटी कळले, की ती यंत्रातली खोट नव्हती. विश्वाच्या तप्त बाल्यावस्थेतला प्रकाश, प्रसरणामुळे थंड होत होत सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येत होता. त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम तीन अंश. असे काही सापडेल, हे गॅमॉव्ह यांचे सहकारी राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्येच वर्तवले होते. स्थिरस्थिती सिद्धांताला त्याचे सहज स्पष्टीकरण देता येईना. १९६५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि १९७८ मध्ये पेन्झियस व विल्सन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर ‘मुंग्या’ दिसत, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या मुंग्यांमधला अगदी थोडा अंश या आदिम प्रकाशाचा होता. विश्वाच्या बालपणाची खूण आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन बसली होती आणि आपण उठून टीव्ही बंद करत होतो!

लमेत्र यांना स्वतःलाही यंत्रांचे विलक्षण वेड होते. १९३० च्या दशकात विश्वकिरणांच्या मार्गांचे गणित करताना त्यांनी अमेरिकेतल्या त्या वेळच्या मोठ्या गणनयंत्राचा उपयोग करून घेतला आणि १९५८ मध्ये लुव्हँ विद्यापीठात बरोज कंपनीचा संगणक आणवला. तोवर त्यांची साठी उलटली होती, तरी ते स्वतः बसून त्याचे प्रोग्रॅम लिहीत. १९६६ च्या जूनमध्ये ते रुग्णालयात अखेरच्या आजारात असताना त्यांचे सहकारी ओडाँ गोदार यांनी त्यांना सूक्ष्मलहरींच्या शोधाची बातमी सांगितली. २० जून १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. आपला सिद्धांत निरीक्षणाच्या कसोटीला उतरला, हे समाधान घेऊन ते गेले. त्या शोधाने देव सिद्ध झाला, असे मात्र ते म्हणाले नसते.

मग श्रद्धेला काय उरले?

इथे एक प्रामाणिक प्रश्न येतो. विज्ञान देवाचा पुरावा देत नसेल, तर श्रद्धावंताने विश्वाच्या निर्मितीविषयी बोलायचे तरी काय? लमेत्र ज्या कॅथलिक परंपरेतले होते, तिच्यात याचे एक जुने उत्तर आहे. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले होते, की जगाला काळात आरंभ होता हे केवळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, आणि निर्मिती म्हणजे केवळ आरंभ नव्हे. हे नीट समजून घ्यायला हवे. कुंभाराने घडवलेले मडके कुंभार निघून गेला तरी राहते. पण गवयाचा स्वर? गवयाने गाणे थांबवले, की स्वरही थांबतो. तो प्रत्येक क्षणी गवयावर अवलंबून असतो. ख्रिस्ती परंपरा विश्वाला मडके मानत नाही, स्वर मानते. मैफल कधी सुरू झाली हा निराळा प्रश्न आहे, आणि तो घड्याळवाल्याला, म्हणजे शास्त्रज्ञाला, विचारावा. ‘मुळात काही आहेच का?’ हा प्रश्न दुर्बिणीतून सुटत नाही. तिथे श्रद्धावान एक उत्तर देतो, नास्तिक दुसरे.

पण या दोन वाटा म्हणजे दोन बंद कप्पे नव्हेत. दोन्हींवरून चालणारा माणूस एकच असतो. ईप्रच्या आघाडीवर सोडलेल्या वायूचे रासायनिक सूत्र बरोबर की चूक, हा विज्ञानाचा प्रश्न. तो वायू सोडावा की नाही, हा त्या सूत्राबाहेरचा प्रश्न. तंत्रज्ञान जसजसे बलवान होते, तसतसा हा दुसरा प्रश्न मोठा होत जातो, आणि तिथे धर्म, नीती आणि विवेक यांना बोलावेच लागते. फक्त त्यांनी बोलताना पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक असल्याचा आव आणू नये.

गॅलिलिओच्या बाबतीत धर्मपीठाने नेमके तेच केले होते. धर्मग्रंथाच्या आधारे त्याने खगोलशास्त्राचा निकाल लावला. ती चूक झाल्याचे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये त्याच विज्ञान अकादमीसमोर मान्य केले. १९५१ चा प्रसंग उलट्या दिशेचा होता; तिथे खगोलशास्त्राच्या आधारे धर्माचा निकाल लावला जात होता. एका वहीतला हिशेब दुसऱ्या वहीत मांडण्याचीच ही दोन रूपे. आज व्हॅटिकनच्या वेधशाळेत जेझुइट शास्त्रज्ञ दीर्घिका आणि उल्का यांचा अभ्यास करतात. २०२५ च्या सप्टेंबरपासून तिचे संचालकपद फादर रिचर्ड डिसोझा या गोवा प्रांताच्या जेझुइटाकडे आले. त्यांच्या शोधनिबंधांचा विषय दीर्घिका एकमेकींत मिसळण्याचा आहे. ईश्वराच्या अस्तित्वाचा पुरावा हा नाही.

अलीकडे काही ख्रिस्ती मंडळी अभिमानाने सांगतात, ‘बिग बँग आमच्या फादरनी शोधला, तेव्हा बायबल खरे ठरले.’ पहिला भाग ठीक आहे, दुसरा ऐकून स्वतः फादर लमेत्र यांनी कपाळाला हात लावला असता. आणि ही खोड काही एका धर्माची नाही. कुठे नवा शोध लागला, की तो आमच्या पोथीत आधीच लिहून ठेवलेला होता, असा संदेश दुसऱ्या दिवशी आपल्या मोबाइलवर येतो. मला अशा संदेशांची चीड येत नाही, काळजी वाटते. कारण त्यात आपल्याच परंपरेवरचा अविश्वास लपलेला असतो. तिला स्वतःच्या पायावर उभे राहता येणार नाही, म्हणून विज्ञानाचा टेकू हवा, असे आपणच सुचवत असतो.

विश्वाविषयीचे आजचे चित्रही अंतिम नाही. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे १९९८ मध्ये कळले, आणि आइन्स्टाइन यांनी टाकून दिलेले, पण लमेत्र यांनी जपून ठेवलेले ते समीकरणातले जादा पद पुन्हा चर्चेत आले. प्रसरणाचा दर दोन पद्धतींनी मोजला तर दोन वेगळी उत्तरे येतात आणि त्यावर आज जोरदार वाद चालू आहे. उद्या महास्फोटाचा सिद्धांत बदलेलही. तो बदलला म्हणून लमेत्र यांच्या प्रार्थनेतला एक शब्दही बदलावा लागणार नाही, आणि त्यांच्या प्रार्थनेमुळे समीकरणातले एक चिन्हही बदललेले नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी विज्ञानाने देव सिद्ध झाला किंवा खोटा ठरला असे सांगू लागला, तर त्याला शांतपणे दोनच गोष्टी विचाराव्यात: हे कोणत्या निरीक्षणावरून ठरले? आणि उद्या ते निरीक्षण चुकीचे निघाले, तर तुम्ही तुमचे मत बदलणार का? उत्तर काय येते त्यावरून समोरचा माणूस विज्ञान सांगतो आहे की आणखी काही, ते आपल्याला लगेच कळेल.